जुना एमएफसी प्रकल्प व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ मध्ये आणल्यावर लिंकरचे एरर : सुरुवात कोठून करावी?

काटेवाला_भोसरी

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत आमचे वजनकाट्यांच्या देखभालीचे काम चालते. चाकण, तळेगाव आणि मार्केट यार्डाच्या बाजूला असलेल्या काही काट्यांवर आम्ही एक डेस्कटॉप प्रोग्रॅम बसवून दिलेला आहे. भरलेली गाडी काट्यावर आली की इंडिकेटरकडून (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राकडून) सिरियल पोर्टवर येणारे वजन वाचायचे, माल उतरवून गाडी परतली की रिकाम्या गाडीचे वजन घ्यायचे आणि निव्वळ वजनाची मराठी पावती छापायची, एवढेच त्याचे काम आहे. हा प्रोग्रॅम सी प्लस प्लस आणि एमएफसी (विंडोजचे प्रोग्रॅम लिहिण्याची मायक्रोसॉफ्टची लायब्ररी) वापरून व्हिज्युअल स्टुडिओ २०१० वर लिहिलेला आहे आणि आजवर तो कार्यालयातल्या विंडोज ७ च्या संगणकावरच बिल्ड होत असे. तो संगणक अजून चालतो, परंतु त्याच्या भरवशावर फार काळ राहता येणार नाही, म्हणून विंडोज ११ आणि व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ असलेल्या नव्या संगणकावर सगळे हलवण्याचे काम माझ्याकडे आलेले आहे.

सोल्यूशनमध्ये 'काटा' हा मुख्य प्रकल्प आहे आणि 'पावती' ही स्टॅटिक (एक्झीतच मिसळून जाणारी) लायब्ररी आहे. याखेरीज इंडिकेटरच्या उत्पादकाने पूर्वी दिलेली एक हेडर फाइल आणि 'इंडिकेटर.लिब' एवढे बाहेरचे साहित्य आहे. तिचा मूळ कोड आमच्याकडे नाही आणि ते मॉडेलच बंद झाल्यामुळे तो मिळण्याची आशाही नाही.

प्रकल्प उघडताच 'व्ही१००' ची, म्हणजे २०१० ची, साधने सापडत नाहीत असा एमएसबी ८०२० आला. तो प्रकल्प 'व्ही१४३' (२०२२ ची साधने) वर रीटार्गेट केल्यावर गेला. मग एमएफसी नाही असे सांगणारा एमएसबी ८०४१ आला. तो इन्स्टॉलरमधून एमएफसीचा घटक निवडल्यावर गेला. कंपाइल करताना जे किरकोळ एरर आले ते माझे मी निस्तरले. खरी अडचण त्यानंतर, कंपाइल झालेले तुकडे जोडून एक्झी बनवणाऱ्या लिंकरपाशी सुरू झाली.

नवा संगणक ६४ बिटचा असल्यामुळे मी एक्स६४ (६४ बिटचे बिल्ड) निवडले, तेव्हा 'इंडिकेटर' मधील प्रत्येक फंक्शनसाठी एलएनके २०१९ (फंक्शन सापडत नाही) आणि शेवटी एलएनके ११२० (न सापडलेल्यांची एकूण संख्या) असा निकाल लागला. एक्स८६ (३२ बिट) वर परत गेलो तर एलएनके २०३८ दोन प्रकारचे आले: एकात १६०० आणि १९०० जुळत नाहीत असे म्हटले आहे, दुसऱ्यात 'इटरेटर डिबग लेव्हल' ० आणि २ जुळत नाही असे आहे. त्याबरोबर लिबसीएमटीविषयीची एलएनके ४०९८ ही सूचना आहे, आणि 'स्प्रिंटएफ' व 'आयओबी_फंक' या नावांसाठी पुन्हा एलएनके २०१९ आहेच.

इंटरनेटवर एकेका क्रमांकासाठी इतके परस्परविरोधी उपाय सुचवलेले आहेत की एक लावला की दुसराच एरर डोके वर काढतो. या सगळ्यांतला मूळ एरर कोणता, आणि कोणत्या क्रमाने त्यांच्याकडे पाहावे, हे कृपया कोणी समजावून सांगाल का?


धायरी_फाटा

लिंकरच्या जादा पर्यायांत '/फोर्स' देऊन पाहा. मला अशाच अडचणीत त्याने तयार एक्झी मिळाली होती आणि प्रोग्रॅम सुरूही झाला होता. वेळ कमी असेल तर हा सर्वांत जवळचा रस्ता आहे.


डेक्कनकर

धायरी_फाटा यांचा हेतू चांगला आहे, पण '/फोर्स' कृपया लावू नका. त्याने एलएनके २०१९ नाहीसा होत नाही. न सापडलेल्या फंक्शनच्या जागी निरुपयोगी पत्ता ठेवून लिंकर फाइल लिहून देतो. प्रोग्रॅम सुरू होतो, खिडकी उघडते, आणि ज्या क्षणी त्या फंक्शनला हाक मारली जाते त्या क्षणी कोसळतो. तुमच्या बाबतीत तो क्षण म्हणजे काट्यावर गाडी उभी असताना वजन वाचण्याचा. जी तक्रार आपल्या टेबलावर बसून वाचता येते ती चाकणच्या काट्यावर नेऊन ऐकण्यात काही शहाणपणा नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तुम्ही दिलेले एरर एकाच साखळीतले नाहीत. ते तीन वेगवेगळ्या भानगडींचे आहेत आणि एकाच यादीत आल्यामुळे एकमेकांत मिसळले आहेत. कंपायलरचा एरर हा तुमच्या ओळीविषयी असतो, म्हणून ती ओळ उघडून दुरुस्ती करता येते. लिंकरचा एरर बहुतेक वेळा कोडमधील ओळीविषयी नसतोच. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कंपायलरने आणि वेगवेगळ्या अटींवर तयार झालेल्या ऑब्जेक्ट फाइलींचे आपसांत पटत नाही, एवढेच तो सांगत असतो. त्यामुळे सेटिंग बदलण्याआधी प्रत्येक लायब्ररीला तिची कुंडली विचारावी लागते. ती विचारण्याचे साधन व्हिज्युअल स्टुडिओबरोबरच येते, त्याचे नाव 'डंपबिन', आणि ते डेव्हलपर कमांड प्रॉम्प्टमध्ये चालते.

पहिली भानगड एक्स६४ ची. तुम्ही एरर सांगितलेत, पण त्यांच्या वर एलएनके ४२७२ अशी एक सूचना असणार याची मला जवळजवळ खात्री आहे. लायब्ररी एक्स८६ ची आहे आणि लक्ष्य एक्स६४ आहे, असे ती सांगते. ती केवळ 'वॉर्निंग' असल्यामुळे एरर लिस्टमध्ये खाली ढकलली जाते आणि आपण खालच्या परिणामांशी झुंजत बसतो. म्हणून एरर लिस्ट बाजूला ठेवून आउटपुट खिडकीतील मजकूर वरून खाली वाचण्याची सवय लावून घ्यावी. तेथे घटना घडल्या त्या क्रमाने दिसतात. 'इंडिकेटर.लिब' वर '/हेडर्स' पर्यायाने डंपबिन चालवा. '१४सी मशीन (एक्स८६)' असे दिसले तर विषय संपला, '८६६४' दिसले तर माझे म्हणणे चुकीचे. ३२ बिटची लायब्ररी ६४ बिटच्या एक्झीत कोणत्याही सेटिंगने जोडता येत नाही, आणि विंडोज ११ वर ३२ बिटचा प्रोग्रॅम उत्तम चालतो. तेव्हा संगणक ६४ बिटचा आहे एवढ्या कारणासाठी एक्स६४ कडे जाण्याची काहीच गरज नाही. (सोल्यूशनच्या पट्टीवर जे 'एक्स८६' दिसते तेच प्रकल्पाच्या गुणधर्मांत 'विन३२' म्हणून येते. दोन्ही एकच आहेत, गोंधळू नये.)

दुसरी भानगड एलएनके २०३८ ची, आणि ती तुमच्या इंडिकेटरची नसावी असा माझा अंदाज आहे. ही तपासणी व्हिज्युअल स्टुडिओ २०१० पासून आली. सी प्लस प्लसची प्रमाण हेडर वापरणाऱ्या प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलवर कंपायलर एक शिक्का मारतो: २०१० चा शिक्का १६०० असा आहे आणि २०१५ पासून पुढच्या सर्व आवृत्त्यांचा १९०० असा. दुसऱ्या शिक्क्यातला ० म्हणजे रिलीज (वापरायला द्यायचे बिल्ड) आणि २ म्हणजे डिबग (चुका शोधण्याचे बिल्ड). याचा सरळ अर्थ असा की तुमच्या लिंकमध्ये २०१० वर रिलीज म्हणून तयार झालेली एखादी लायब्ररी शिरली आहे. तुमच्याकडे सी प्लस प्लसची स्वतःची लायब्ररी एकच आहे, ती म्हणजे 'पावती'. ती तुम्ही नव्याने बिल्ड करत असूनही लिंकर कोठली तरी जुनी प्रत उचलत असणार. लिंकरच्या सामान्य गुणधर्मांत 'शो प्रोग्रेस' येथे शोधलेल्या लायब्ररी दाखवण्याचा पर्याय आहे. तो लावा म्हणजे आउटपुट खिडकीत प्रत्येक लायब्ररीचा पूर्ण मार्ग छापून येईल.

तिसरी भानगड लिबसीएमटी, 'स्प्रिंटएफ' आणि 'आयओबी_फंक' यांची. ती थोडी खोल आहे. आधी वरची दोन कामे करून निकाल येथे लिहा, मग तिच्याकडे येऊ. दरम्यान 'इंडिकेटर.लिब' वर '/डायरेक्टिव्ह्ज' पर्यायानेही डंपबिन चालवून ठेवा.

आणखी एक गोष्ट. गुणधर्मांची खिडकी उघडली की वरच्या दोन चौकटींत 'ऑल कॉन्फिगरेशन्स' आणि योग्य प्लॅटफॉर्म आहे ना, हे दरवेळी पाहा. डिबगला लावलेला बदल रिलीजला लागत नाही, आणि 'सगळे तर केले, तरी एरर जात नाही' या तक्रारींपैकी बऱ्याच येथेच संपतात.


काटेवाला_भोसरी

डेक्कनकर सर, इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार.

आपला पहिला अंदाज बरोबर निघाला: '१४सी मशीन (एक्स८६)'. एलएनके ४२७२ ही सूचनाही आउटपुट खिडकीत अगदी वर होती. एक्स६४ चा नाद सोडून मी एक्स८६ वरच राहिलो आहे.

दुसराही बरोबर निघाला. सोल्यूशनच्या शेजारी 'लिब' नावाचे एक फोल्डर आहे, त्यात 'इंडिकेटर.लिब' बरोबर 'पावती.लिब' ची जुनी प्रतही पडून होती, आणि जादा लायब्ररींच्या मार्गात तेच फोल्डर दिलेले होते. नवी 'पावती.लिब' सोल्यूशनच्या 'डिबग' फोल्डरमध्ये तयार होत होती, पण त्या फोल्डरकडे लिंकर पाहतच नव्हता. जुनी प्रत काढून टाकली, 'काटा' मध्ये 'पावती' चा प्रोजेक्ट रेफरन्स जोडला आणि जादा लायब्ररींच्या यादीतून तिचे नाव पुसले. एलएनके २०३८ दोन्ही प्रकारचे गेले.

'/डायरेक्टिव्ह्ज' ने 'इंडिकेटर.लिब' मधील प्रत्येक ऑब्जेक्टसाठी दोनच ओळी दिल्या: डिफॉल्टलिब लिबसीएमटी आणि डिफॉल्टलिब ओल्डनेम्स. जुळणीचा कोणताही शिक्का तेथे नाही.

आता शिल्लक राहिलेले एरर असे: एलएनके ४०९८ ची सूचना, 'स्प्रिंटएफ' साठी एलएनके २०१९ आणि पुढे तीन अंडरस्कोअर लावलेल्या 'आयओबी_फंक' साठी एलएनके २०१९. या शेवटच्यासाठी इंटरनेटवर एक तयार फंक्शन मिळते, ज्यात प्रमाण इनपुट, आउटपुट आणि एरर या तिघांचा ॲरे करून परत दिलेला आहे. ते आपल्या कोडमध्ये डकवले की लिंक पूर्ण होते. ते वापरण्यात काही धोका आहे का?


डेक्कनकर

धोका आहे, आणि तो नेमका कोठे आहे हे पाहण्यासारखे आहे.

आधी कुंडली वाचू. जुळणीचा शिक्का नाही, याचा अर्थ ही लायब्ररी शुद्ध सी भाषेत लिहिलेली आहे किंवा २०१० च्या आधीच्या कंपायलरची आहे. दोन्हीही असू शकेल. लिबसीएमटी आहे म्हणजे ती '/एमटी' ने, अर्थात सीची रनटाइम (मूलभूत फंक्शने पुरवणारी) लायब्ररी आत घेऊन बांधण्याच्या हिशेबाने कंपाइल झालेली आहे. तुमचे डिबग बिल्ड '/एमडीडी' वर, म्हणजे रनटाइम वेगळ्या डीएलएलमधून (प्रोग्रॅम चालताना जोडल्या जाणाऱ्या फाइलमधून) घेण्यावर असणार. एकाच एक्झीत दोन रनटाइम शिरू पाहत आहेत, म्हणून एलएनके ४०९८. लिबसीएमटी वगळण्यासाठी '/नोडिफॉल्टलिब' देण्याचा सल्ला तुम्हाला सर्वत्र दिसेल आणि काही ठिकाणी तो योग्यही असतो, परंतु येथे खरा रोग वेगळा आहे.

व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने सीची रनटाइम लायब्ररी नव्याने मांडली. तिला यूसीआरटी म्हणतात. तेव्हा 'प्रिंटएफ' आणि 'स्प्रिंटएफ' यांच्या कुळातील फंक्शने लायब्ररीतून उठून हेडर फाइलींत इनलाइन म्हणून गेली. नव्याने कंपाइल होणाऱ्या कोडला त्याचा पत्ताही लागत नाही, पण आधीच कंपाइल झालेली जुनी लायब्ररी मात्र ती नावे जुन्या घरी शोधत राहते. यासाठी मायक्रोसॉफ्टने 'लेगसी_स्टडीआयओ_डेफिनिशन्स.लिब' नावाची एक लायब्ररी दिलेली आहे. ती जोडली की 'स्प्रिंटएफ' चा एरर जातो, आणि हा उपाय अधिकृत आहे.

'आयओबी_फंक' चे तसे नाही. जुन्या हेडरमध्ये प्रमाण इनपुट, आउटपुट आणि एरर ही तीन नावे म्हणजे या फंक्शनने दिलेल्या ॲरेतील शून्यावी, पहिली आणि दुसरी जागा होती. जुन्या रनटाइममधील 'फाइल' या स्ट्रक्चरमध्ये आठ घटक होते, ३२ बिटवर प्रत्येक चार बाइटचा, म्हणजे एकूण ३२ बाइट. तुमच्या 'इंडिकेटर.लिब' मध्ये हा हिशेब कंपाइल होऊन गोठलेला आहे: प्रमाण एरर हवा असेल तर ती ॲरेच्या आरंभापासून ६४ बाइट पुढे जाते. यूसीआरटीमध्ये 'फाइल' मध्ये बाहेरून दिसणारा एकच पॉइंटर उरलेला आहे, अर्थात चार बाइट. तुम्हाला मिळालेले तयार फंक्शन नव्या कंपायलरने कंपाइल होणार, त्यामुळे त्यातला तीन जागांचा ॲरे बारा बाइटचा असणार. जुनी लायब्ररी बारा बाइटच्या ॲरेत चौसष्टाव्या बाइटावर हात घालील आणि तेथे जे काही असेल त्याला 'फाइल' समजून चालेल. लिंक पूर्ण होईल, प्रोग्रॅम चालेल, वजनेही येतील. आणि ज्या दिवशी केबल सैल होऊन त्या लायब्ररीला एररचा संदेश छापावासा वाटेल त्या दिवशी प्रोग्रॅम कोसळेल, तोही अशा ठिकाणी की कारण शोधता येणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे. ही लायब्ररी नव्या रनटाइमशी जोडूच नका. तुमचा विंडोज ७ चा संगणक अजून चालतो आहे, तोपर्यंत त्यावर व्हिज्युअल स्टुडिओ २०१० मध्ये एक लहानसा डीएलएल प्रकल्प करा, रिलीज आणि '/एमटी' वर, आणि 'इंडिकेटर.लिब' त्याच्या पोटात घाला. जुनी लायब्ररी आणि तिच्या ओळखीचा जुना रनटाइम, दोघेही त्या डीएलएलमध्ये एकत्र राहतील. बाहेर फक्त तीन फंक्शने काढा: काटा उघडणे, वजन वाचणे, काटा बंद करणे. ती 'एक्सटर्न सी' असावीत म्हणजे सी प्लस प्लसची नावे विस्कटण्याची भानगड राहणार नाही, आणि डेफ फाइल द्यावी म्हणजे नावांना अंडरस्कोअर आणि ॲट यांची शेपटे लागणार नाहीत. तयार होणारी इम्पोर्ट लायब्ररी (डीएलएलमधील फंक्शनांचा पत्ता लिंकरला सांगणारी) २०२२ मध्ये बिनतक्रार जोडता येते.

या सीमेवर एक पथ्य मात्र कडक पाळावे लागते. एका बाजूच्या रनटाइमने मागितलेली मेमरी दुसऱ्या बाजूने सोडायची नाही. 'फाइल' चा पॉइंटर, 'सीस्ट्रिंग', 'स्ट्रिंग', 'व्हेक्टर' यांतले काहीही आरपार जाऊ द्यायचे नाही, आणि एक्सेप्शनही सीमा ओलांडता कामा नये. वजनाचा मजकूर हवा असेल तर बफर 'काटा' ने द्यावा, त्याची लांबी द्यावी, आणि डीएलएलने तो भरून यश किंवा अपयशाचा आकडा परत करावा. पूर्णांक, साधे पॉइंटर आणि बफर, एवढ्यावर भागते.

डीएलएल तयार झाल्यावर त्याच्या कोडसह सगळे नव्या संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी जपून ठेवा.


कोथरूड_सिरियल

वरील चर्चा उत्तम चालली आहे, परंतु मला एक मूलभूत शंका आहे. या लायब्ररीची गरजच काय?

बहुतेक वजन इंडिकेटर सिरियल पोर्टवर साधा मजकूर सतत पाठवत असतात. त्यात स्थिर किंवा अस्थिर अशी खूण, चिन्ह, आकडे, एकक आणि ओळ संपल्याचे अक्षर एवढेच असते. कोणत्याही टर्मिनल प्रोग्रॅमने पोर्ट उघडून पाहिले तर आकडे डोळ्यांना दिसतात. बॉड रेट, सात की आठ बिट आणि पॅरिटी इंडिकेटरच्या मेनूत किंवा माहितीपुस्तिकेत मिळते. 'क्रिएटफाइल' ने पोर्ट उघडणे, 'डीसीबी' (पोर्टची सेटिंग) भरणे, टाइमआउट ठरवणे आणि 'रीडफाइल' ने वाचणे हे विन३२ मध्ये पूर्वीपासून आहे आणि त्याला बाहेरची कोणतीही लायब्ररी लागत नाही. मग मूळ कोड नसलेली वस्तू जपत बसण्यापेक्षा ती काढून टाकलेली बरी; त्यानंतर एक्स६४ करायलाही कोणाची आडकाठी उरत नाही.

हे करणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आजकाल संगणकाला सिरियल पोर्ट नसतो, म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या बाजारातून यूएसबी कन्व्हर्टर आणला जातो, आणि वेगवेगळ्या सॉकेटांत तो लावत गेले की पोर्टचा क्रमांक वाढत जातो. 'कॉम९' पर्यंत नुसते नाव चालते. 'कॉम१०' पासून पुढे नावाआधी '\\.\' लावले नाही तर पोर्ट उघडत नाही. दुसरे असे की एका 'रीडफाइल' मध्ये एक पूर्ण ओळ येईल असे मुळीच गृहीत धरू नये. अर्धी ओळ येते, दीड ओळ येते. आलेली अक्षरे साठवत जावे आणि ओळ पूर्ण झाल्यावरच तिचा अर्थ लावावा, नाहीतर १२४५० किलोची गाडी पावतीवर २४५० होते. तिसरे, टाइमआउट न ठरवता मुख्य थ्रेडवर वाचायला बसले तर इंडिकेटर बंद असताना खिडकी गोठते.


डेक्कनकर

कोथरूड_सिरियल यांच्या म्हणण्याशी मी तत्त्वतः सहमत आहे, पण क्रमाबाबत नाही.

त्या लायब्ररीत नुसते वाचणे असेल असे नाही. क्षमतेपेक्षा जास्त भार आल्यावर इंडिकेटर काय पाठवतो, ऋण वजन कसे येते, स्थिर होईपर्यंत किती थांबायचे, याचे निर्णय तिने घेतलेले असतील आणि ते कोठेही लिहिलेले नसतील. शिवाय काट्याची पडताळणी आणि मुद्रांकन वैधमापन शास्त्र विभागाकडून होते. इंडिकेटरवर दिसणारा आकडा आणि पावतीवर छापला जाणारा आकडा यांत फरक पडला तर ग्राहकाला उत्तर काटेवाल्यालाच द्यावे लागते. बिल्ड नव्या संगणकावर आणणे आणि वजन वाचण्याची पद्धत बदलणे ही दोन कामे एकदम केली, तर चूक आढळल्यावर ती कोणत्या बदलाची हे कळणार नाही.

म्हणून आधी डीएलएल. पुढे तीच तीन फंक्शने तशीच ठेवून त्यांच्या आतला मजकूर तुम्ही सुचवलेल्या पद्धतीने नव्याने लिहावा आणि जुना व नवा डीएलएल एकाच काट्यावर आळीपाळीने लावून आकडे ताडून पाहावेत. 'काटा' प्रकल्पाला त्याचा पत्ताही लागू नये. सीमा तीन फंक्शनांची ठेवा म्हणून मी आग्रह धरला, त्याचे अर्धे कारण हेच होते.


काटेवाला_भोसरी

डेक्कनकर सर, कोथरूड_सिरियल, आपणां दोघांचेही आभार. डीएलएल जुन्या संगणकावर तयार झाला, २०२२ मध्ये जोडला गेला आणि लिंकर आता एकही एरर देत नाही. एलएनके ४०९८ देखील आपोआप गेली. कार्यालयातल्या इंडिकेटरवर वजन व्यवस्थित येते आहे. सिरियल पोर्टचा कोड स्वतः लिहिण्याचे काम पुढच्या टप्प्यासाठी ठेवले आहे.

दोन प्रश्न उरले आहेत. पहिला असा की मराठी मजकुरासाठी '/यूटीएफ-८' हा पर्याय द्यावा असे वाचून मी तो 'पावती' ला दिला, तर एका जुन्या फाइलमध्ये सी ४८२८ या सूचनांची रांग लागली. त्या फाइलमध्ये पावतीचे मथळे आहेत, पण एडिटरमध्ये ते मराठी दिसत नाहीत, विचित्र रोमन अक्षरे दिसतात. छापताना मात्र ते बरोबर येतात. दुसरा असा की रिलीजची एक्झी आणि डीएलएल दुसऱ्या संगणकावर नेल्यावर 'एमएफसी१४०.डीएलएल' सापडत नाही असा संदेश येतो. मी मायक्रोसॉफ्टचे ६४ बिटचे रीडिस्ट्रिब्यूटेबल (अशा डीएलएल बसवणारा संच) तेथे बसवून पाहिले, तरी संदेश तोच राहिला.


डेक्कनकर

पहिल्याचे उत्तर फॉन्टमध्ये आहे. ते मथळे युनिकोड नाहीत; युनिकोड रुळण्याआधी मराठी ज्या पद्धतीने छापत असत, त्या पद्धतीने विशिष्ट फॉन्टला बांधलेली ती बाइट आहेत. रोमन अक्षरांच्या वरच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात आणि तोच फॉन्ट लावला की ते वाचता येतात. '/यूटीएफ-८' देऊन तुम्ही कंपायलरला सांगितलेत की सगळ्या फाइली यूटीएफ-८ आहेत, आणि ही फाइल तशी नसल्यामुळे तो कुरकुर करतो आहे. तो पर्याय प्रकल्पातून काढून टाका आणि ती फाइल जशी आहे तशी राहू द्या. एडिटरमध्ये ती चुकूनही यूटीएफ-८ म्हणून जतन करू नका, नाहीतर बाइट बदलतील आणि पावतीवर भलतेच उमटेल. नव्या फाइली बीओएमसह (फाइलच्या आरंभीच्या खुणेसह) यूटीएफ-८ मध्ये जतन केल्या तर कंपायलर ती खूण स्वतःच ओळखतो, वेगळा पर्याय द्यावा लागत नाही. मथळे युनिकोडमध्ये आणायचे असतील तर मजकूर पुन्हा टाइप करावा, 'एल' लावलेल्या वाइड स्ट्रिंग वापराव्यात आणि प्रकल्पाचा कॅरेक्टर सेट युनिकोड करावा. ते स्वतंत्र काम आहे, या स्थलांतरात मिसळू नका.

दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे. कोणते रीडिस्ट्रिब्यूटेबल लागते हे विंडोज किती बिटचे आहे यावर ठरत नाही, प्रोग्रॅम किती बिटचा आहे यावर ठरते. तुमची एक्झी ३२ बिटची आहे, म्हणून ६४ बिटच्या विंडोजवरही एक्स८६ चेच बसवावे लागेल. ते प्रत्येक काट्यावर जाऊन बसवण्याचा व्याप नको असेल तर 'काटा' आणि 'पावती' या दोन्ही प्रकल्पांत रिलीजसाठी '/एमटी' ठेवा आणि 'काटा' मध्ये एमएफसी स्टॅटिक लायब्ररी म्हणून वापरण्याचा पर्याय निवडा. दोन्हींपैकी एकातच बदल केलात तर एलएनके २०३८ परत येईल, यावेळी 'रनटाइम लायब्ररी' या नावाने. एक्झीचा आकार वाढेल, पण तुमच्या तीन फंक्शनांच्या डीएलएलखेरीज बरोबर काही न्यावे लागणार नाही. त्या डीएलएलचा रनटाइम त्याच्या पोटात आधीच आहे. डिबगचे बिल्ड मात्र काट्यावर नेऊ नका: त्याला लागणाऱ्या डिबग डीएलएल रीडिस्ट्रिब्यूटेबलमध्ये नसतात आणि त्या वाटण्याची परवानगीही नाही.